अस्तराखालचे कच्चे टाके

केसांना रंग लावलेल्या माणसाला हलता येत नाही, पण बोलता येतं, आणि घरमालकीण दोन्या पुरिता तर एरवीही बोलायच्या थांबत नसत. त्या सकाळी डोक्यावर काळा लगदा थापून, मानेभोवती जुना टॉवेल गुंडाळून त्या नेमेसियोच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. हवापाण्याची गोष्ट करावी तशा सुरात त्या म्हणाल्या, "नेमी, यंदाच्या मिरवणुकीची यजमानीण मी आहे. मेरीमातेची मूर्ती नऊ दिवस माझ्या घरी राहणार."

"ठाऊक आहे की, दोन्या. साऱ्या सांता इल्दाला ठाऊक आहे."

"तर मग एल्मेरला म्हणावं, या महिन्याअखेर दुसरीकडे सोय बघ."

नेमेसियोच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे! वर माता, आणि तिच्या पायाखाली तुम्ही दोघं..." त्यांनी आरशातल्या आरशात हात उडवला. "माझी स्वतःची काही हरकत नाही हो. पण लोक काय म्हणतील? तू राहा, दुकान चालव, तुझे हात सोन्याचे आहेत. फक्त तो तुझा चुलतभाऊ नको. तो जाणार नसेल, तर दोघंही निघा. बरं, मिरवणुकीत घालायचा माझा तेर्नो कधी शिवून होतोय?"

आता हा चुलतभाऊ कोण, ते ऐका. एल्मेर ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलची तीनचाकी रिक्षा, चालवायचा, आणि चौदा वर्षं तो नेमेसियोबरोबर या दुकानामागच्या खोल्यांत संसार करत होता. चुलतभाऊ ही साऱ्या गल्लीनं मिळून सांभाळलेली थाप होती. सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे सोयीनं गप्प होते. गेल्या पावसाळ्यात दोन्या पुरितांच्या छातीत कळ आली, तेव्हा भर पुरातून ट्रायसिकल ढकलत त्यांना इस्पितळात कोणी नेलं? याच चुलतभावानं! आणि दर मे महिन्यात मिरवणुकीतल्या राण्यांना कोण नटवतं? वेण्या, झुळझुळीत घोळ, मुकुट, सगळं करणारा नेमेसियोच. वीस वर्षांपूर्वी त्याची आई मरणाच्या दारातून परतली तेव्हा त्यानं नवस केला होता, की हयात असेतो मिरवणुकीचे कपडे फुकट शिवीन. बाक्ला, म्हणजे बायल्या, म्हणून वर्षभर दात काढणारी हीच माणसं मे महिन्यात दारात रांग लावून उभी राहायची.

"तेर्नो ना? होईल की," नेमेसियो गोड हसून म्हणाला. "असा शिवतो, दोन्या, की लोक जन्मभर विसरणार नाहीत!"

दोन्या गेल्यावर त्यानं पाटी फिरवून दुकान बंद केलं आणि शिवणयंत्राशी जाऊन बसला. एल्मेर दुपारी जेवायला आला तेव्हा टेबलावर निळ्या रेशमाचा डोंगर पडला होता आणि नेमेसियो हातशिलाई करत गाणं गुणगुणत होता. दोन्यांच्या नोटिशीची बातमी एल्मेरला गल्लीतच कळली होती; एवढं ऐकून घेतलेला माणूस गाणं म्हणतोय हे पाहून तो दारातच थबकला.

"काय चाललंय, नेमी?"

"ये, बघ. हा कमरेचा जोड. इथं मी पक्की टीप मारलेली नाही. नुसता धावदोरा घातलाय, लांब लांब. बाह्यांनाही तसाच. वरून अस्तर चढवलं, इस्त्री फिरवली की देवालाही पत्ता लागायचा नाही. रस्त्यानं चालेपर्यंत टिकेल. पण चर्चच्या अकरा पायऱ्या आहेत, एल्मेर. चढताना घेर पायाखाली येतो आणि सगळा ताण कमरेवर पडतो. तिसऱ्या पायरीला बाही जाईल. पाचव्या पायरीला घागरा खाली! समोर बिशप, मागे अख्खं गाव, आणि बाईच्या दोन्ही हातांत मेणबत्ती! सावरेल कशानं?" तो टाळी देऊन हसला. "लोक काय म्हणतील? ऐकू दे तिला, लोक काय म्हणतात ते!"

एल्मेर हसला नाही. "शहराचा कायदा आहे ना आपल्यासाठी. नोटीस तोंडी असली म्हणून काय झालं? बारांगायच्या पंचांकडे जा, तक्रार लिहून दे."

"कायद्यानं तिचं नाक कापलं जाणार आहे का?"

"नाक नाही कापलं जाणार. घर राहील."

"मला दोन्ही हवंय," नेमेसियो म्हणाला आणि त्यानं दातांनी दोरा तोडला.

चौदा वर्षांचं घर जाणार म्हटल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तरी एल्मेरच्या शब्दाखातर तो दुसऱ्या दिवशी बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या पंचायतीच्या, कचेरीत गेला. तेर्नो मात्र त्याआधी बाजारातल्या चारिंगबाईंकडे पोचता केला, शिवणींवरून मणी लावायला. त्या कारागिरांकडून काम करवून घेत.

कचेरीत लोलो सेब्यो बसले होते. चाळीस वर्षं कोर्टात साक्षी टंकून निवृत्त झालेले हे लोलो, म्हणजे आजोबा, आता पंच होते, आणि गल्लीतली भांडणं शहराच्या कचेरीत जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायची. त्यांनी नेमेसियोची हकिकत शब्दन्‌शब्द लिहून घेतली. मग चष्मा पुसला आणि कायद्याचं पुस्तक उघडलं.

"ऐक. 'धर्म, किंवा लैंगिक कल, किंवा लिंगओळख, यांपैकी कोणत्याही कारणावरून कोणालाही घर, गाळा वा खोली नाकारणे, अथवा तेथून काढणे, हा गुन्हा आहे.' दंडही आहे, कैदही आहे."

"वा!" नेमेसियोनं मांडीवर थाप मारली. "पुन्हा वाचा, लोलो. जरा मोठ्यानं वाचा, त्या बाईच्या खिडकीपर्यंत जाऊ दे!"

"वाचतो. पण तू पहिला शब्द गाळून ऐकतोयस."

"कुठला?"

"धर्म." लोलोंनी खण उघडला आणि दुसरा एक कागद त्याच्यासमोर सरकवला. "ही परवा आलेली तक्रार. खोली नाकारली म्हणून. तक्रारदार, नोर्हाया माकाराम्बोन. प्रतिवादी, नेमेसियो बालतासार. तूच ना?"

नेमेसियोनं कागद हिसकून डोळ्यांजवळ नेला. नोर्हाया? त्याला आधी नावही आठवेना. मग आठवलं. फेब्रुवारीत मागची छोटी खोली रिकामी झाली होती आणि दोन्यांच्या परवानगीनं त्यानं काचेवर पाटी लावली होती, 'खोली भाड्यानं, बायकांसाठी'. एक मुलगी आली होती. डोक्याला जांभळा रुमाल घट्ट गुंडाळलेला, बोलण्यात दक्षिणेचा हेल. रुमाल बघताच यानं ओळखलं, की ही मुसलमान. आणि तोंडावर गोड हसू आणून म्हणाला, अय्या, कालच दिली गं खोली.

"लोलो, पण ही... ही माझ्यावर तक्रार करते? मी काय असला माणूस आहे? मी तर स्वतः..."

"स्वतः काय? पोळलेला?" लोलो शांतपणे म्हणाले. "पोळलेल्या माणसाला दुसऱ्याला चटका द्यायचा परवाना मिळतो, असं कलम यात नाही. मी चष्मा पुसून पाहिलं."

"गिऱ्हाइकं घाबरली असती हो!"

"दोन्या पुरिताही हेच म्हणतील. त्यांच्या तोंडून ऐकताना तुला राग आला, नाही का? दोन्ही तक्रारी गुरुवारी ठेवतो, एकामागोमाग एक. सगळे समोरासमोर बसा."

नेमेसियो घरी परतला तो धुमसतच. आता त्याला एकाच्या जागी दोन वैरिणी झाल्या. कोण कुठली पोर, दोन शब्द काय बोललो तर थेट कागद करते! सांता इल्दात कशी राहते तेच बघतो! चार दिवस तो हेच बडबडत होता. एल्मेरनं एकदाच तोंड उघडलं. "पाटी अजून काचेवर आहे, नेमी. तीन महिने झाले." नेमेसियोनं पाटी ओढून काढली आणि खणात कोंबली, पण तिचा चौकोन काचेवर स्वच्छ उमटून राहिला.

बुधवारी तेर्नो मणी लावून परत आला. रागानं भरलेल्या डोळ्यांनीही नेमेसियो बघतच राहिला. काय हात होता! कमरेवरून निघालेली मण्यांची वेल खांद्यापर्यंत चढली होती आणि एक मणी वाकडा नव्हता. असलं सुंदर वस्त्र पाचव्या पायरीवर गळून पडणार, या विचारानं त्याला क्षणभर वाईट वाटलं. मग दोन्यांचं तोंड आठवलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

गुरुवारी दोन्या पुरिता पंखा आणि जपमाळ घेऊन आल्या आणि सगळ्यांत चांगली खुर्ची पकडून बसल्या. एल्मेर दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. पहिलं प्रकरण नोर्हायाचं. ती उठली. दक्षिणेतल्या मारावी शहरात लढाई झाली तेव्हा तिचं घर गेलं होतं आणि आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे राहून रोज चार तास बसनं सांता इल्दात कामाला ये-जा करत होती.

"कुया नेमेसियो म्हणाले, खोली कालच दिली," ती सांगू लागली. तिनं त्याला कुया म्हटलं, थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. "पाटी दुसऱ्या दिवशी तिथंच होती. आठवडाभर मी तिच्यासमोरून गेले. शेवटी पुन्हा आत जाऊन विचारलं. तेव्हा म्हणाले, माझी स्वतःची काही हरकत नाही गं, पण लोक काय म्हणतील?"

नेमेसियोच्या कानांत गरम शिसं ओतल्यासारखं झालं. तेच वाक्य! शब्द तेच, सूरही तोच! दोन्या पुरितांच्या डोक्यावर रंग थापताना जे त्यानं ऐकलं होतं, ते त्याच्या स्वतःच्या तोंडून तीन महिने आधीच निघून गेलं होतं.

"अगदी खरं बोललीस, मुली!" दोन्या पुरिता पंखा हलवत आनंदानं म्हणाल्या. "माणूसच तसला आहे हा!"

"दोन्या, तुमची पाळी यायची आहे," लोलो म्हणाले. "नोर्हाया, तुला काय हवंय? शहराच्या कचेरीत पाठवू? दंड होईल याला."

नोर्हायानं नकारार्थी मान हलवली. "आधी मला यांना चारचौघांत उघडं पाडायचं होतं, लोलो. खोटं नाही बोलत. झोपताना रोज ठरवायची, कसं पाडू. आणि मग गेल्या आठवड्यात तशी वस्तूच माझ्या हातात आली. मी चारिंगबाईंकडे मण्यांचं काम करते. त्यांच्याकडे एक निळा तेर्नो आला होता."

"माझा तेर्नो!" दोन्या ताडकन सरळ बसल्या. "ते मणी हिनं लावले?"

"मीच लावले. कमरेवर सुई आतून काढायला मला अस्तर थोडं उसवावं लागलं."

नेमेसियोला सगळं कळून चुकलं. शिवणकाम जाणणाऱ्या बाईला अस्तराखालचा धावदोरा दिसल्यावर आणखी काय सांगायला हवं? कच्च्या टाक्यावर अस्तर कोणी चढवत नाही, चढवतो तो मुद्दाम! हिला ठाऊक होतं. आठवडाभर ठाऊक होतं! आता हिनं एक शब्द काढला की दोन्या जिंकल्या. तक्रार गेली, घर गेलं, आणि वीस वर्षांचा नवसही मातीत. त्यानं एल्मेरकडे पाहिलं. एल्मेरनं डोळे मिटून घेतले होते.

नोर्हाया नेमेसियोकडे रोखून बघत होती. "काम सुरेख आहे," ती म्हणाली. "बस, एवढंच. अस्तर मी परत शिवून टाकलं. मला सूड नको, लोलो. मला खोली हवी. आणि पाटीवर एक ओळ हवी, की कुठल्याही धर्माची बाई चालेल. माझ्यामागून येणारीला तरी बाहेरूनच कळू दे."

"खोली तुझी," नेमेसियो म्हणाला. "पाटी मी स्वतः लिहितो. मी तुझ्याशी खोटं बोललो. लोकांचं नाव पुढे केलं, पण भीती माझीच होती. माफ कर मला, बाई."

लोलोंनी ते लिहून घेतलं, दोघांच्या सह्या झाल्या. मग दुसरा कागद निघाला.

दोन्या पुरितांनी लोलोंना वाचूही दिलं नाही. "घर माझं आहे! कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, ते मी ठरवीन!"

"भिंती तुमच्या आहेत, दोन्या. कायदा शहराचा आहे. भाडं नाही दिलं म्हणून काढा, भांडण केलं म्हणून काढा. तो ज्याच्यावर जीव लावतो त्यापायी नाही काढता यायचं."

"मग जा म्हणावं कचेरीत! वर्षं जातील. तोवर मी पाणी तोडीन, वीज तोडीन!"

आणि इथं नेमेसियो उभा राहिला. चार दिवसांपूर्वीचा नेमेसियो असता तर मनातल्या मनात म्हणाला असता, चढ बाई, चढ, पाचव्या पायरीपर्यंत चढ! ते शब्द आताही जिभेच्या टोकाशी आले होते. पण शेजारच्या खुर्चीत ती जांभळ्या रुमालाची मुलगी बसली होती आणि तिनं झाकलेलं पाप त्याच्या छातीवर धोंड्यासारखं पडलं होतं.

"लोलो, मी इथं हक्क मागायला आलोय, आणि अस्तराखाली दुसरंच काही ठेवून आलोय," तो म्हणाला. "दोन्या, तुमचा तेर्नो मी कच्च्या दोऱ्यानं शिवलाय. कमरही, बाह्याही. चर्चच्या पायऱ्यांवर तो उसवणार होता. या मुलीनं ते पाहिलं, आणि आत्ता तुमच्यासमोर माझी अब्रू राखली."

लोलोंनी पेन हळूच खाली ठेवलं. "हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "पेनातली शाई संपली."

"पोलीस! पोलिसांना बोलवा!" दोन्या ओरडल्या.

"बोलवतो. त्यांना सांगू काय? तेर्नो अजून तुमच्या अंगावर चढलेला नाही." लोलो पुढे झुकले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "जरा विचार करा, दोन्या! तुमची लाज आठवडाभर या पोरीच्या मुठीत होती. हिला तुम्ही तरी खोली दिली असतीत का? आणि ज्याला तुम्ही रस्त्यावर काढताय, त्यानं कोणी न विचारता स्वतःचा गुन्हा कबूल केला. हे दोघं आज कायद्याला शोभले. तुमचं काय? लोक काय म्हणतील म्हणता ना? लोक इथंच बसलेत. आम्हीच लोक आहोत. आम्ही म्हणतो, एल्मेरला राहू द्या!"

दोन्या पुरितांचा पंखा थांबला होता. त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "कितव्या पायरीला?"

"पाचव्या," नेमेसियो म्हणाला.

"बिशपच्या समोर?"

"अगदी समोर."

"मेलेच असते मी."

"मीही त्या दिवशी मेलोच होतो, दोन्या. तुमच्याच मागे, आरशात. तुम्ही पाहिलं नाही."

दोन्यांनी दाराकडे पाहिलं. एल्मेर तसाच उभा होता, पुरातून त्यांच्यासाठी ट्रायसिकल ढकलताना घातली होती तीच टोपी हातात घेऊन. त्यांनी लोलोंकडे हात पुढे केला. "द्या तो कागद. आणि सहीला शाईचं पेन द्या." त्यांचं मन पालटलं की नुसता धसका बसला, हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी नेमेसियोनं तेर्नो उसवला. नोर्हाया आपली पेटी आणि शिलाईचा डबा घेऊन मागच्या खोलीत आली होती. केळीच्या पानात वाफवलेल्या चिकट भाताची सुमान दोघांनी वाटून खाल्ली, मग तिनं रेशीम ताणून धरलं आणि यानं टीप मारली. एक नाही, दोन.

मिरवणुकीच्या दिवशी सांता इल्दा फुलांनी भरून गेलं. राण्या निघाल्या, कमानी निघाल्या, बँड वाजू लागला. मागून मेणबत्ती धरून दोन्या पुरिता निघाल्या, आणि जो तो कुजबुजू लागला, की यजमानीण अशी काय चालतेय? मेणबत्ती एका हातात, आणि दुसरा हात कमरेला! दहा पावलं झाली की कमर चाचपायच्या. कोपऱ्यावर चाचपली, बाजारात चाचपली. टाके लोखंडासारखे पक्के होते, पण त्यांचा भरवसा कुठं बसत होता! खोटं कशाला बोला, नेमेसियोला ते बघून गुदगुल्या झाल्या. माणूसच तो, देव थोडाच!

चर्चच्या पायऱ्या आल्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पायरीवर दोन्या थांबल्या. त्यांच्यामागे अख्खी मिरवणूक थांबली, बँड अडखळला, वर बिशप वाट बघत राहिले. दोन्या वळल्या आणि गर्दीत शोधू लागल्या. नेमेसियो एल्मेरच्या हातात हात घालून उभा होता, आणि तो हात कोणाच्याही चुलतभावाचा नव्हता. पलीकडे नोर्हाया होती.

दोन्या त्याच्याकडे बघत राहिल्या. नेमेसियोनं सावकाश मान हलवली. पक्कं आहे, चढा.

त्यांनी कमरेवरचा हात काढला, मेणबत्ती दोन्ही हातांत धरली आणि उरलेल्या सहा पायऱ्या चढून गेल्या.

वाचकहो, ज्यानं आपल्याला दुखावलं त्याचा सूड घ्यावासा वाटतो, आणि ते वाटणं काही पाप नव्हे. पण कायदा हा एकच दोरा आहे. तो आपल्या अंगावर पक्का आणि शेजाऱ्याच्या अंगावर कच्चा, असं शिवता येत नाही. माझा हक्क मागताना दुसऱ्याचा नाकारला, तर भर पायरीवर सगळ्यांचंच वस्त्र उसवतं. म्हणून घरी जा, आपल्या दारावरची पाटी वाचा, आणि तिच्यामागे न लिहिलेलं काय आहे तेही वाचा. नेमेसियोच्या काचेवरचा चौकोन आता नव्या पाटीनं झाकलाय. खोली भरलेली आहे, तरी ती पाटी त्यानं काढलेली नाही.